अनंताला कुणी उपाशी ठेवलं?

१

सोमवारी सकाळी, वेटिंग रूममध्ये पाय ठेवायला जागा नसताना, डॉक्टरांनी सफाईच्या मावशींवर झाड मारल्याचा आळ घेतला.

आवाज चढवला नाही. मुलांच्या डॉक्टर त्या; आवाज न चढवता धाक बसवायची त्यांना सवयच होती. खिडकीजवळच्या मोठ्या मातीच्या कुंडीपाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "मावशी, फरशी पुसलेलं फिनाइलचं पाणी तुम्ही यात ओतत होतात. आठवडा संपला की येऊ नका."

खोकणारी पोरं तेवढ्यापुरती खोकायची थांबली. मावशींच्या हातात ओलं फडकं होतं. "मी नाही ओतलं," एवढंच त्या म्हणाल्या आणि राहिलेली अर्धी फरशी पुसून काढली. काम अर्धवट टाकायची त्यांची रीत नव्हती.

कुंडीत अनंताचं झाड होतं. दवाखाना सुरू झाला तेव्हा डॉक्टरांच्या आईने ते स्वतः आणून ठेवलं होतं, स्वतः वाढवलं होतं. पानं अशी गर्द आणि तुकतुकीत, की रांगेतल्या आया पोरांना सांगायच्या, "बघ, यांना रोज पॉलिश करतात." आई मागच्या वर्षी गेली. आणि आता झाडाची शेंड्याकडची पानं पिवळी पडत होती, कळ्या उमलायच्या आधीच गळत होत्या. डॉक्टरांनी जे जे सुचलं ते केलं, तरी उतार पडेना. मग त्यांनी नणंदेला फोन लावला.

"ताई, तुझ्या लॅबमध्ये विष तपासतात का ग?"

"माती तपासतो. विष निघालं तर तेही सांगू."

नणंद मृदा परीक्षण प्रयोगशाळेत होती. लोकांनी पिशव्यांतून आणलेली माती वाळवायची, चाळायची, तपासायची, यात तिची उमेदीची वर्षं गेली. घरात सगळे तिला मातीताई म्हणत, आणि तिला ते आवडायचं. बुधवारी दुपारी, दवाखाना बंद असताना, ती खांद्याला पिशवी लावून आली. चप्पल काढली, झाडापुढे उकिडवी बसली. एक पान खालचं तोडलं, एक शेंड्याचं. दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवली.

"वहिनी," ती म्हणाली, "याला कुणी विष घातलेलं नाही. याला कुणीतरी उपाशी ठेवलंय."

२

"उपाशी?" डॉक्टरांना हा शब्द झोंबला. "वेळच्या वेळी खत घालते मी. लोह तर वेगळं आणून घातलं."

"लोह का घातलंस?"

"पान फिकं, शिरा हिरव्या. आमच्याकडे असं पोर आलं तर आम्ही आधी रक्त तपासतो. म्हटलं, झाडाचाही पंडुरोगच."

"निदान बरोबर आहे तुझं," मातीताई म्हणाली, आणि डॉक्टर जरा सैलावल्या. "हे बघ. खालचं जुनं पान चांगलं आहे, शेंड्याचं कोवळं पिवळं आहे. नत्र कमी पडलं असतं तर उलट झालं असतं. झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं, आपल्या आया करायच्या तसं. लोहाचं तसं नाही. ते जिथे बसलं तिथे बसलं. म्हणून लोह तुटलं की आधी लेकरं पिवळी पडतात."

"पण मी लोह दिलंय! दोनदा दिलं. ढिम्म फरक नाही. म्हणून तर म्हटलं, मुळंच जळली असणार. फिनाइलने."

"मग मुळंच बघू."

पुढच्या टेबलावर बसणारी मुलगी मदतीला आली. दिवसभर ती रुग्णांचे नंबर पुकारायची, म्हणून पोरांनी तिचं नाव नंबरवाली पाडलं होतं. तिघींनी मिळून कुंडी वर्तमानपत्रावर आडवी केली, मातीताईने कडेकडेने थोपटलं आणि अख्खा गोळा हलकेच बाहेर ओढला. पांढरी, टणक, जाळीदार मुळं. तिने गोळा नाकाशी नेला.

"हुंग."

डॉक्टरांनी हुंगलं. मातीचा वास. फिनाइलचा मागमूस नाही, कुजल्याचाही नाही.

"म्हणजे विष नाही, आणि पाणी तुंबून मुळं सडली असंही नाही," मातीताई म्हणाली. "तोंड चांगलं, दात चांगले, ताटात जेवण वाढलेलं. तरी उपाशी."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. कुणाची तरी आई होती. "हो, तेच लाल औषध," डॉक्टर सांगत होत्या. "पण दुधाबरोबर देऊ नका हं. दूध आडवं येतं, लोह अंगी लागत नाही. मध्ये दोन तास जाऊ देत."

मातीताई डॉक्टरांकडे बघत राहिली आणि हसली.

"हसायला काय झालं?" फोन ठेवत डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. मातीचा सामू बघितलास का?" सामू म्हणजे माती किती आंबट किंवा किती चुनखट, त्याचं माप. सात म्हणजे मधलं. सातच्या खाली आंबट, वर चुनखट. अनंताला माती आंबट लागते.

"तो तर मी पहिल्यांदा बघितला," म्हणत डॉक्टरांनी कपाटातून दोन सळ्यांचं यंत्र काढलं. तबकडीवर काटा, सेल लागत नाही, नुसतं मातीत खुपसायचं. मोठ्या कुंडीच्या मातीत खुपसलं: सात. नंबरवालीच्या टेबलावर याच झाडाची फांदी लावून केलेलं छोटं रोप होतं, हिरवंगार. त्यात खुपसलं: सात.

मातीताईने वरच्या मजल्यावरच्या घरातून लिंबू मागवलं. कपात पिळलं आणि यंत्राच्या सळ्या त्यात बुडवल्या.

काटा जागचा हलला नाही. सात.

"वहिनी," ती शांतपणे म्हणाली, "तुझा साक्षीदार खोटं बोलतोय."

३

दोन्ही कुंड्यांतली चमचा चमचा माती तिने वेगवेगळ्या कपांत घेतली, दवाखान्यातलं डिस्टिल्ड वॉटर घालून ढवळली आणि निवळायला ठेवली. माती निवळेपर्यंत माणसं ढवळायला वेळ होता.

नंबरवालीला विचारायची गरजच पडली नाही. "मला माहितीये सगळे माझ्याकडे का बघतायत," ती म्हणाली. "हे झाड मला दार दिसू देत नाही. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, काही कळत नाही. मी म्हणाले होते, एकदाचं हलवा. हलवा म्हणजे मारा नव्हे."

"तुझं रोप मात्र टवटवीत आहे."

"मॅडमच्या आईंनीच लावून दिलेलं. मी त्याला काहीसुद्धा करत नाही. खरंच, हातसुद्धा लावत नाही. मॅडम दोघांना एकाच डब्यातलं खत घालतात. मावशी दोघांना एकाच नळाचं पाणी घालतात."

"लोह?"

"तेही दोघांना. मॅडम पंक्तिभेद करत नाहीत."

मातीताईने मान डोलावली. तिच्या प्रयोगशाळेत असा जोड मिळाला तर लोक सुटकेचा श्वास सोडत. एकाच झाडाचे दोन देह, तेच खत, तेच पाणी, तीच खोली. एक सुदृढ, एक आजारी. म्हणजे एकाला असं काहीतरी मिळत होतं, जे दुसऱ्याला मिळत नव्हतं.

मावशी मागच्या मोरीपाशी बादल्या उपड्या घालत होत्या.

"तुम्हीही विचारा," त्या वळूनही न बघता म्हणाल्या. "सगळ्यांसमोर विचारायचं तर सोमवारी यायला हवं होतं."

"मी दुपारची आले, कारण मला उत्तर हवंय."

मावशी वळल्या. मातीताईकडे नीट बघितलं. मग पदराला हात पुसले.

"फिनाइल मी मोरीत ओतते. झाडाशी माझं काय वैर? त्यांची आई मला चहा दिल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. बरं, इथून आळ घेऊन निघाले तर पुढे कोण दारात उभं करेल? या गल्लीत तीन घरची कामं आहेत माझ्याकडे, सगळी याच दवाखान्याच्या ओळखीवर. काल एका घरी विचारलंसुद्धा, काय हो, झाड मारलंत म्हणे?"

"मग डॉक्टरांना संशय आला कशावरून?"

"सोमवारी मी छोट्या रोपाला पाणी घातलं, मोठ्याला न घालता पुढे गेले. त्यांनी बघितलं. म्हणाल्या, मुद्दाम करताय. अहो, पण सोमवारी त्याची माती ओलीच असते! रविवारी दवाखाना बंद. मी येत नाही, कुणी येत नाही. शनिवारी कोरडी ठेवून जावं, सोमवारी यावं तर ओली गिच्च."

"कुणाला बोललात?"

"नंबरवालीला. ती म्हणाली, एसीचं पाणी ठिबकत असेल."

मातीताईने बाहेर येऊन बघितलं. एसी समोरच्या भिंतीला होता आणि त्याची नळी सरळ बाहेरच्या गटारात गेली होती.

कपांतली माती निवळली होती. तिने पिशवीतून सामू तपासायच्या कागदी पट्ट्या काढल्या. नंबरवालीच्या रोपाच्या पाण्यात एक बुडवली: पिवळी झाली. म्हणजे आंबटाकडे, हवी तशी. मोठ्या कुंडीच्या पाण्यात दुसरी बुडवली. पट्टी हिरवी झाली आणि हिरव्यावर न थांबता निळ्याकडे, म्हणजे चुनखटाकडे सरकली.

कुंडीच्या काठावर आतून पांढरी खरपुडी धरली होती. उरलेल्या लिंबाचे चार थेंब तिने त्यावर टाकले. खरपुडी फसफसली.

"चुना," ती स्वतःशीच पुटपुटली. नळाच्या पाण्यातला म्हणावा, तर तो छोट्या रोपालाही मिळाला असता. हा चुना दर रविवारी, बंद दारामागे, कुणीतरी आणून घालत होतं.

४

वेटिंग रूमच्या दुसऱ्या भिंतीला माशांची मोठी पेटी होती आणि तिच्यापुढच्या खुर्चीत मातीताईचे वडील. सून खाली दवाखाना चालवायची, हे वरच्या मजल्यावरून दिवसातून चारदा जिना उतरून माशांकडे यायचे. सुई टोचायच्या वेळी रडणारी पोरं यांच्या मांडीवर बसून मासे बघायची, म्हणून सगळी त्यांना मासेआजोबा म्हणत.

"काय ग तायडे, कुणाला पकडलंस?"

"अजून नाही, बाबा. हे मासे नवे दिसतात?"

"म्हणजे तू किती दिवसांनी येतेस बघ! गोल्डफिश गेले ग सगळे म्हातारे होऊन. हे आणले उन्हाळ्यात." पेटीत निळेजर्द आणि पिवळेधमक मासे एकमेकांना हुसकत फिरत होते. "भांडकुदळ आहेत, पण देखणे. पोरं खुळावतात. मात्र यांचे लाड फार. हे डोंगरातल्या मोठ्या सरोवरातले. आपलं नळाचं पाणी यांना चालत नाही. तळाशी शिंपल्यांचा चुरा घालावा लागतो, वर ही पूड. पाणी कसं, भारी लागतं."

"जड पाणी."

"तेच ते."

"आणि पाणी बदलता कधी?"

"रविवारी. निवांत असतं." त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. एक निळा मासा बोटामागे धावला.

"बाबा, अनंताचं काय झालं असेल असं तुम्हाला वाटतं?"

"मला काय विचारतेस? मला बंदी आहे त्याला हात लावायची. मागे एकदा कुंडीखालच्या बशीतून पाणी ओसंडलं आणि वजनकाट्याखाली गेलं, तेव्हा तुझ्या वहिनीने सांगितलं, बाबा, आईच्या झाडाला आता तुम्ही हात लावायचा नाही."

प्रश्न एक होता, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आलं होतं. वडील अजून काचेकडेच बघत होते. मातीताईने पेटीचं झाकण उचललं आणि पट्टीचं टोक पाण्याला लावलं.

पट्टी हिरवी झाली, आणि निळ्याकडे सरकली. कुंडीतल्या पट्टीशेजारी धरली असती तर दोघी सख्ख्या बहिणी दिसल्या असत्या.

तिने पट्टी मुठीत मिटली. वडिलांनी ते बघितलं होतं की नाही, हे तिला कळलं नाही.

५

संध्याकाळचे पेशंट यायला अजून अवकाश होता. मातीताई खिडकीशी उभी राहून विचार करत होती. "मातीत चुना जमलाय, विष नाही," एवढंच सांगून टाकता आलं असतं. झाड वाचलं असतं, वडील वाचले असते. पण चुना आला कुठून, हा प्रश्न उरला असता, आणि उरलेला प्रश्न जाऊन मावशींच्याच दारात बसला असता. आळ असा अर्धवट पुसला जात नाही.

तिने सगळ्यांना बोलावलं. डॉक्टर, नंबरवाली, मावशी. वडील खुर्चीत होतेच.

"वहिनी, तू मघाशी फोनवर त्या बाईंना काय सांगितलंस? लोह दुधाबरोबर नको."

"हो. त्यातलं कॅल्शियम आडवं येतं."

"याचंही तसंच झालंय. वेगळ्या वाटेने, पण तसंच. माती चुनखट झाली की तिच्यातलं लोह दगडासारखं घट्ट होतं, मुळांना उचलता येत नाही. तू जेवढं घातलंस तेवढं सगळं आत आहे. कोठार भरलंय आणि दाराला कुलूप आहे. तुझ्या यंत्राने कुलूप दाखवलं नाही, कारण ते काहीच दाखवत नाही."

"पण कुलूप लावलं कुणी?"

"फिनाइलने नाही. खताने नाही, नळाच्या पाण्याने नाही. ते सगळं छोट्या रोपालाही मिळतं आणि ते ठणठणीत आहे. या एकट्या झाडाला आणखी एक पाणी मिळतं. जड, चुन्याचं. रविवारी. ज्याने घातलं त्याने वाईट हेतूने घातलं नाही, एवढं मी पैजेवर सांगते." ती थांबली. तिने कुणाकडेच बघितलं नाही. "याच्यापुढचं मी सांगणार नाही."

पेटीतला पंप बुडबुडत होता. डॉक्टरांची नजर मावशींकडे गेली, तिथून निघाली आणि हळूहळू माशांच्या पेटीवर जाऊन ठरली.

खुर्ची करकरली.

"मी घालतो," मासेआजोबा म्हणाले. उभे राहताना त्यांनी पेटीच्या कडेला धरलं. "विहीणबाई मला म्हणायच्या, व्याही, तुमचे मासे आयते खातात, निदान त्यांचं पाणी तरी माझ्या झाडाला द्या. दर रविवारी एक तांब्या. झाड कसं फोफावलं होतं तेव्हा! त्या गेल्या, तुझी बंदी आली. म्हटलं, मी शब्द त्यांना दिलाय, तुला नाही. मासे बदलले. पाणी बदललं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माशांचं पाणी ते माशांचं पाणी."

"आधीचं पाणी चांगलंच होतं, बाबा," मातीताई म्हणाली. "मासे बदलले आणि अमृताचं उलट झालं."

"बाबा," डॉक्टर म्हणाल्या, "मी विचारलं असतं तर सांगितलं असतं ना हो तुम्ही?"

"तू विचारलंस कुठे? तू तर सांगितलंस." मग म्हाताऱ्याने मान खाली घातली. "पण मीही काही हरिश्चंद्र नाही. सोमवारी मी जिन्यातच होतो. सगळं ऐकलं. मनाशी म्हटलं, फिनाइलचं चाललंय, आपण कुठे फिनाइल घातलंय? आणि उलट पावली वर गेलो." त्यांनी मावशींपुढे हात जोडले. "मावशी, मी घाबरलो हो. या वयात सुनेला घाबरलो."

"हात खाली घ्या आजोबा," मावशी म्हणाल्या. "तुमच्या सुनेला मीही घाबरते."

नंबरवाली फसकन हसली. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्या मावशींपाशी आल्या. "माझं चुकलं, मावशी. आईचं झाड म्हणून डोकं ठिकाणावर नव्हतं. आठवडा संपल्यावरही या, नेहमीसारख्या या."

मावशींनी आधी हातातलं फडकं पिळलं, दांडीवर टाकलं, त्याच्या सुरकुत्या काढल्या.

"येईन की. पण बाई, आळ घेतलात तेव्हा खोली भरलेली होती. आत्ता इथे घरचीच माणसं आहेत."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मातीताई माती बदलायला आली तेव्हा वेटिंग रूम तुडुंब होती. नव्या मातीत पानांचं कुजलेलं खत आणि माती आंबट राहावी म्हणून किंचित गंधक मिसळलेलं होतं. पिवळ्या पानांवर फवारायला लोहाचं औषध वेगळं आणलं होतं. "आत्ताची पानं कदाचित नाही सुधारणार," तिने नंबरवालीला बजावलं. "नवं पान कसं येतं, ते बघायचं. घाई करायची नाही." वडील एका बाजूला बसून निमूटपणे जुन्या मातीचा चुरा पिशवीत भरत होते. पाण्याचा तांब्या त्यांच्याकडेच राहिला होता, फक्त आता तो नळाखाली भरायचा होता.

केबिनचं दार उघडलं. नंबरवालीने पुढचा नंबर पुकारायला तोंड उघडलं, तर डॉक्टरच बाहेर आल्या होत्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कुणाला वाटलं, आज डॉक्टर लवकर जाणार.

"सोमवारी मी इथे मावशींना बोलले," डॉक्टर म्हणाल्या. "झाडाला त्यांनी काही केलं नव्हतं. मी न विचारता बोलले. चूक माझी होती."

नेमकं त्याच क्षणी कोपऱ्यातल्या एका तान्ह्याने असा टाहो फोडला की शेवटची दोन वाक्यं त्यात बुडाली. मागच्या बाकावरच्या बाईने शेजारणीला विचारलं, "काय म्हणाल्या?" शेजारणीने खांदे उडवले.

मावशी दारापाशी बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली.

"मागे ऐकू नाही गेलं, बाई."

बाळाच्या आईने त्याला खांद्यावर घेऊन थोपटलं. हुंदके विरेपर्यंत डॉक्टर थांबल्या. मग बाकांच्या मधून चालत खोलीच्या मध्यभागी गेल्या, आणि ज्या बाईने कधी आवाज चढवला नव्हता तिने तो चढवून, पहिल्यापासून, पुन्हा सांगितलं.